छेद केवढा?

आमच्या भावोजींना गुदाशयाचा कर्करोग असल्याचे निदान झाले, तेव्हा घरात रोगाहून जखमेचीच चर्चा अधिक झाली. शेजारच्या एका बाईंचे पित्ताशय दुर्बिणीतून काढले होते आणि चौथ्या दिवशी त्या चुलीपाशी उभ्या होत्या. मग आमच्याच माणसाचे पोट का उघडावयाचे, असे अक्का पुन:पुन्हा विचारीत असे. प्रश्न रास्त होता; परंतु पित्ताशय निराळे आणि गुदाशय निराळा.

गुदाशय कटीच्या हाडांच्या अरुंद पोकळीत, मूत्राशयाच्या व नाजूक मज्जातंतूंच्या सान्निध्यात असतो. त्याभोवती चरबीचे वेष्टन असते व रोगाचे कण बहुधा तेथेच दडतात. हे वेष्टन न फाडता गुदाशयासह अखंड काढावे, असे इंग्लंडातील बेसिंगस्टोकचे शल्यविशारद बिल हील्ड यांनी १९८२ साली प्रतिपादिले. छेद लहान की मोठा, हा प्रश्न त्यानंतरचा.

दुर्बिणीने ते अखंड निघते काय? आठ देशांत १०४४ रुग्णांवर झालेल्या ‘कलर टू’ चाचणीत तीन वर्षांत रोग त्याच भागी परतण्याचे प्रमाण दोन्ही पद्धतींत शेकडा ५ निघाले. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव निम्मा, पण वेळ अधिक. आणि रुग्णालयातील मुक्काम अवघ्या एका दिवसाने कमी. (हे ऐकून अक्काचा चेहरा उतरला.) उलट २०१५ सालीच प्रसिद्ध झालेल्या, एक उत्तर अमेरिकेतील व एक ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील, अशा दोन चाचण्यांत काढलेला भाग सर्वस्वी निर्दोष असण्याचे प्रमाण दुर्बिणीत किंचित कमी भरले. पुढे दोन वर्षांच्या पाहणीत रोग परतण्याच्या बाबतीत लक्षणीय तफावत दिसली नाही, हेही सांगितले पाहिजे.

तेव्हा डॉक्टरसाहेबांना आम्ही टाक्यांविषयी विचारलेच नाही. अशा शस्त्रक्रिया आपण वर्षाला किती करता, आणि दुर्बिणीने आरंभ करून पोट उघडण्याची पाळी किती वेळा येते, एवढेच विचारले. न रागावता त्यांनी आकडे सांगितले. मग म्हणाले, “यांचा बांधा स्थूल, कटी अरुंद, गाठ बरीच खाली. तेथे ती ताठ हत्यारे मनासारखी वळत नाहीत. मी पोट उघडूनच करीन.” आम्ही रुकार दिला.

जखम भरली. पोटावरच्या पिशवीची सवय होण्यास मात्र फार जड गेले. ती काही महिने बाळगावी लागली. गाठ इतकी खाली असता ती बहुधा दोन्ही पद्धतींत लागते, आणि घरातल्या एवढ्या चर्चेत तिचे नावही निघाले नव्हते. काढलेल्या भागाच्या अहवालात वेष्टन अखंड असल्याची एक ओळ होती. अक्काने ती आमच्याकडून दोनदा वाचून घेतली.