दोन ऋतूंची हिरवळ

छत्रपती संभाजीनगरातील छावणीलगतच्या आमच्या घरापुढे वीस पावले लांब आणि बारा पावले रुंद अशी हिरवळ आहे. ती बाबांनी लावली. तरुणपणी छावणीतील बंगल्यांवर माळीकाम केलेल्या या माणसाने आपल्या म्हातारपणासाठी एवढेच ऐश्वर्य मागून घेतले होते. पाहणाऱ्याला ती हिरवळ एकाच गवताची वाटे. पण तेथे दोन गवते नांदत होती, आणि त्यांना एकत्र नांदविणे म्हणजे एका चुलीवर दोन घरांचा स्वयंपाक करण्यासारखे होते.

पहिले गवत म्हणजे आपली हरळी. पारा २७ ते ३५ अंशांच्या दरम्यान असला की ती जोमाने पसरते. डिसेंबरच्या रात्री १० अंशांकडे झुकू लागल्या की तिची वाढ थांबते आणि अंगणाला मातकट, पिवळट कळा येते. दुसरे राय ग्रास. बाबा त्याला ‘विलायती गवत’ म्हणत. त्याला १५ ते २४ अंशांची हवा मानवते आणि आपला एप्रिल मुळीच सोसत नाही. या भेदाचे मर्म १९६६ साली हॅच आणि स्लॅक या संशोधकांनी उलगडून दाखविले. हरळी, ज्वारी, बाजरी यांसारख्या वनस्पती हवेतील कर्ब आधी चार कर्बअणूंच्या संयुगात बांधून घेतात; त्यामुळे कडक उन्हातही त्यांचे थोड्या पाण्यावर भागते. गहू आणि राय ग्रास यांना ही सोय नाही. तेवढ्याच वाढीसाठी त्यांना कितीतरी अधिक पाणी लागते.

बाबांना हे शास्त्र ठाऊक नव्हते. त्याचे वेळापत्रक मात्र त्यांच्या हातात होते. ऑक्टोबरच्या अखेरीस ते हरळी अगदी जमिनीसरशी कापीत, दाताळ्याने वाळकी पाती ओढून काढीत आणि बी फेकून वर चाळलेल्या शेणखताचा पातळ थर देत. आठवड्याभरात रेशमासारखे कोंब वर येत. नाताळच्या रात्री गाणी म्हणत येणारी मुले त्या हिरव्यागार गवतावर उभी राहत, तेव्हा व्हरांड्यातील बाबांचा चेहरा पाहण्याजोगा असे.

परंतु त्यांचे खरे कसब फेब्रुवारीअखेर दिसे. विलायती गवत ऐन बहरात असतानाच ते त्याचे खत बंद करीत, पाणी कमी करीत आणि दर आठवड्याला ते अधिकाधिक खालून कापीत. आम्हांला हळहळ वाटे. ‘ते सावली धरून बसलं, तर खालची हरळी उठणार कशी?’ एवढेच ते म्हणत.

२०१६ च्या फेब्रुवारीत बाबा गेले. त्यांनी पेरलेले गवत अंगणात डोलत होते. मार्च उजाडला, तरी त्याला यंत्र लावण्याचा धीर आम्हांला झाला नाही. त्यांच्या हातची ती शेवटची पेरणी होती. आम्ही उलट युरिया दिला आणि अंधार पडल्यावर बोअरचे पाणी सोडू लागलो. अंधार पडल्यावर, हे मुद्दाम सांगावयास हवे. कारण तो दुष्काळाचा उन्हाळा होता. जायकवाडीचा उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातून उपसा चालला होता आणि एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. आम्ही काय करीत आहोत, हे आम्हांला कळत होते. म्हणूनच दिवा न लावता नळी धरीत होतो.

एके सकाळी कामाला येणाऱ्या मावशी ओल्या गवताकडे पाहून थांबल्या. ‘ताई, दोन घागरी भरून नेल्या तर चालतील का? टँकर आला नाही.’ त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, आणि तेच आम्हांला अधिक लागले. त्या दिवशी आम्ही नळी गुंडाळून ठेवली. बोअर आटेपर्यंत त्या पाण्यावर गल्लीतील घागरी भरल्या. दहा दिवसांत विलायती गवत जळून पांढरे पडले. त्याखाली हरळीचे एक हिरवे पान दिसले नाही. बाबांचे एक गवत राखण्याच्या नादात आम्ही दुसरेही घालविले, असे वाटले.

शुभवर्तमानातील निदणाचा दाखला तेव्हा वारंवार आठवे. ते निदण बहुधा लोलियम जातीचे, म्हणजे या राय ग्रासचेच भाऊबंद, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. दोन्ही एकत्र वाढू द्या, या धन्याच्या शब्दांचा आम्ही सोयीने आधार घेतला होता. त्याच धन्याने कापणीची वेळही नेमून दिली होती, हे मात्र आम्ही विसरलो. आमचे विलायती गवत निदण नव्हे. पण त्याचीही वेळ होती, आणि ती बाबांनी कधी चुकविली नव्हती.

मे महिन्यात भेगाळलेल्या काळ्या मातीत सहज खुरपे घातले. वीतभर खाली हरळीच्या काश्या निघाल्या. पांढऱ्या, टणक, जिवंत. मराठवाड्याचा शेतकरी ज्या काश्या वेचून वेचून थकतो, त्या पाहून आमचे डोळे भरून आले. आम्ही त्या पुन्हा मातीत दाबल्या. जूनच्या उत्तरार्धात पाऊस लागला, आणि पंधरवड्यात भेगांच्या कडेकडेने हिरवे टोक दिसू लागले.

आता नोव्हेंबरात आम्ही फक्त नाताळच्या गोठ्यापुढील चार हात जागेत विलायती बी टाकतो. भांडी-भाज्या धुतलेल्या पाण्यावर ते भागते. उरलेले अंगण हिवाळाभर पिवळे राहते, आणि त्याची आता लाज वाटत नाही. फेब्रुवारी सरताना ती चार हात जागा आम्ही स्वतःच्या हाताने कापतो. हात अजूनही थोडा जड होतो.