शाईचा महिना, कृष्णाकाठी

मैत्रिणींनो, जुन्या कंपासपेटीत एखादा टाक गंजत पडला असेल, तर तो आधी शोधून काढा आणि मगच हा लेख वाचायला घ्या.

त्याचं असं झालं. २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस वाईहून दिरांचा फोन आला. सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशनही झालं. आता महिनाभर कुणीतरी जवळ हवं. जाऊबाई नोकरी करणाऱ्या, तेव्हा मीच निघाले. निघताना लेकीनं बॅगेत एक वही, टाक, दोन निबं आणि काळ्या शाईची बाटली कोंबली. म्हणाली, "आई, ऑक्टोबरात रोज एक चित्र शाईनं काढायचं. जेक पार्कर नावाच्या अमेरिकन चित्रकारानं २००९ साली स्वतःचा हात सुधारावा म्हणून हे सुरू केलं. आता जगभरची माणसं काढतात. एकतीस दिवस, एकतीस चित्रं!"

"अगं, मी तिथे बेडपॅन देऊ की चित्रं काढू?" मी म्हटलं. पण बाटली काही बाहेर काढली नाही.

तुम्ही म्हणाल, हिला या वयात हे काय सुचलं? शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा मी दिल्या होत्या. लग्न होऊन आले तेव्हा चित्रांची एक वही बरोबर आणली होती. ती वाईच्या घरात पहिल्याच वर्षी कुठे नाहीशी झाली, ते मी कधी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही.

वाई तुम्ही पाहिली असेलच. पाचगणी-महाबळेश्वरला जाताना मोटार थांबवून ढोल्या गणपतीला हात जोडतात, तेवढीच बहुतेकांची वाई. पण इथे कृष्णेला सात घाट आहेत, आणि घाट पाहायचा तर सकाळी सहाला. पावसाळा नुकताच सरलेला, पाणी अजून भरलेलं, पलीकडे डोंगर हिरवेगार. सहा ते पावणेसात शेजारच्या काकू सासूबाईंपाशी बसत. तेवढीच वेळ माझी.

पहिल्या दिवशी गणपतीचं देऊळ काढायला बसले आणि पहिलाच ठिपका रुपयाएवढा पडला! कोऱ्या निबाला तेलकट थर असतो, तो साबणाच्या पाण्यानं धुवून टाकायचा असतो, हेच विसरले होते. शाईला खोडरबर नाही, बाई. पडलेला डाग हा चित्राचाच भाग समजायचा आणि पुढे जायचं. मी त्याचा कावळा केला. पितृपक्षच होता, घाटावर कावळ्यांना काय तोटा!

हे देऊळ गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली बांधलं. मूर्ती एका दगडातली, प्रचंड. पण मला वेड लावलं ते मागच्या भिंतीनं. ती माशासारखी निमुळती बांधली आहे, म्हणजे पुराचं पाणी तिच्यावर दुभंगून दोहो बाजूंनी निघून जावं. ती भिंत मी तीनदा काढली. सरळ रेघ सोपी, पण दगडाची गोलाई दाखवायची तर बारीक बारीक रेघा शेजारी शेजारी ओढायच्या. जिथे सावली दाट तिथे उलट्या रेघांची जाळी घालायची. रफू करतो ना आपण, अगदी तस्संच.

दुसऱ्या दिवशी वही वाळत ठेवली होती, ती सासूबाईंच्या नजरेस पडली. चष्मा मागितला. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "ही तिसरी पायरी मोडकी आहे. ती का नाही काढलीस?"

दुसऱ्या सकाळी जाऊन पाहिलं. खरंच मोडकी होती! सोळाव्या वर्षी लग्न होऊन आल्यापासून त्या घाटावर धुणं धुतलेलं. पायऱ्या त्यांना तोंडपाठ. डॉक्टरांनी मात्र आता पायऱ्या बंद सांगितल्या होत्या. म्हणजे घाट कायमचा बंद. ते त्यांनाही कळलं होतं, मलाही. बोललं कुणीच नाही. फक्त रोज सकाळी चहाआधी विचारायच्या, "आज कुठे गेली होतीस?"

मग मी त्यांच्यासाठी लांब लांब जाऊ लागले. गंगापुरी झाली, धर्मपुरी झाली. एका रविवारी दीर घरी होते तेव्हा तीन किलोमीटरवरच्या मेणवलीला गेले. तिथे नाना फडणवीसांचा वाडा, खाली देखणा घाट आणि देवळापाशी एक भलीमोठी घंटा. ही घंटा चर्चची. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, तेव्हाच्या लुटीतली. तिच्यावर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला कडेवर घेतलेली मरियमही. चित्र पाहून सासूबाई म्हणाल्या, "बाळ घेतलेली बाई, मग ती कुणाच्याही देवळात शोभते."

दोन दिवस मात्र बुडाले. एकदा त्यांना ताप होता, एकदा मलाच उठवलं नाही. कोजागरीला, २८ तारखेला, रात्री ग्रहण. दूध आटवायचं की नाही यावर घरात चर्चा चाललेली, तेवढ्यात त्या एकदम म्हणाल्या, "तुझी ती वही मीच माळ्यावर टाकली होती. उंदरांनी खाल्ली. तेव्हा वाटलं, सून चित्रं काढत बसली तर स्वयंपाक कोण करणार?" थोड्या वेळानं म्हणाल्या, "केला असता की मीच."

मी काय बोलणार? टाक धुवायला उठले.

तुम्हाला हा नाद करायचा असेल तर दोन गोष्टी सांगते. फाउंटन पेनची शाई पाण्यानं पसरते. वॉटरप्रूफ शाई पसरत नाही, पण ती पेनात भरू नका, पेन तुंबतं. तिला टाकच हवा, आणि काम होताच तो सुती फडक्यानं पुसा. ती शाई साडीवर सांडली तर मात्र लिंबू-दुधाचे उपाय करू नका, निघत नाही. जुनं पातळ नेसूनच बसा. आणि जागा जवळची निवडा. रोज दिसणारीच जागा आपण धड पाहिलेली नसते.

एकोणतीस चित्रं वाईलाच ठेवून आले. सासूबाईंच्या उशाशी असतात. आल्यागेल्याला त्या दाखवतात, आणि माझी कुठली पायरी चुकली आहे तेही सांगतात.