बोटीला दीड वर्ष, माणसाला नव्वद दिवस

ब्रिटनमध्ये स्वतःची छोटी शिडाची बोट समुद्रात न्यायला परवाना लागत नाही. मोटारसायकलला लागतो, बोटीला नाही. लांबी २४ मीटरपेक्षा कमी, टनेज ८० पेक्षा कमी आणि वापर निव्वळ हौसेचा असेल, तर कायदा चालवणाऱ्याकडे कसलंही प्रमाणपत्र मागत नाही. माझ्या खालाच्या मुलाने हे सांगितलं तेव्हा मला आधी खरंच वाटलं नाही. तो इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वीस वर्षं राहतो, तिथलाच नागरिक आहे. एका मित्रासोबत त्याने भागीत जुनी तीस फुटी बोट घेतली आहे. सुट्टीच्या दिवशी दोघे शीड उभारतात आणि निघतात.

आमच्या घरात समुद्र म्हणजे नोकरी. आमचं गाव दाभोळच्या खाडीकाठी. अब्बांनी अठ्ठावीस वर्षं जहाजावर काढली. त्यांची सीडीसी, म्हणजे खलाशाचं पुस्तक, अजून लोखंडी ट्रंकेत जपून ठेवलं आहे. त्यामुळे कागदाशिवाय समुद्र ही कल्पना आम्हाला नवी होती.

पण ही मोकळीक ब्रिटनच्या किनाऱ्यापुरतीच. इंग्लिश खाडी ओलांडून पलीकडच्या बंदरात जायचं म्हटलं की भावाच्या बोटीवर एक जाडजूड फाइल चढते. मी ती चाळली.

त्यात पहिला कागद माणसाचा. त्याचं नाव आयसीसी, बोट चालवता येत असल्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपविषयक आर्थिक आयोगाच्या ठराव क्रमांक ४० नुसार ते दिलं जातं. हा ठराव १९९८ चा. नाव आंतरराष्ट्रीय असलं तरी सगळे देश त्याला बांधील नाहीत. मग घ्यायचं कशाला? कारण स्वतःच्या देशाचा कायदा मागत नसला, तरी परक्या बंदरातला अधिकारी कागद मागतोच. ‘आमच्याकडे परवानाच नसतो’ हे त्याला पटवण्यापेक्षा परीक्षा देणं सोपं. कालव्यांतून आणि नद्यांतून जायचं असेल तर तिथल्या नियमांची वेगळी परीक्षा द्यावी लागते.

दुसरा कागद बोटीचा. समुद्राच्या कायद्याप्रमाणे बोटीलाही राष्ट्रीयत्व असतं. जो झेंडा लावण्याचा तिला हक्क आहे, त्या देशाची ती. म्हणून ब्रिटनबाहेर पडण्याआधी तिथल्या छोट्या जहाजांच्या नोंदवहीत नाव घालावं लागतं आणि दर पाच वर्षांनी ते नवं करावं लागतं. मग रेडिओचे दोन कागद : यंत्राचा वेगळा, ते वापरणाऱ्याचा वेगळा. शिवाय विमा, कर भरल्याचा पुरावा आणि बोटीवर असलेल्या सगळ्यांची यादी. देशागणिक यात भर पडते. ग्रीसमध्ये सात मीटरहून लांब बोटीला कर भरावा लागतो, तुर्कस्तानात ‘ट्रान्झिट लॉग’ काढावा लागतो. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या अनेक देशांत आधीच्या बंदराचा निघण्याचा दाखला नसेल तर पुढच्या बंदरात अडचण होते. परक्या पाण्यात शिरताना पिवळा झेंडा लावायचा. त्याचा अर्थ, आमच्याकडे रोगराई नाही, आत येऊ द्या. आणि कुठेही नांगर टाकून चालत नाही; जिथे पासपोर्ट तपासण्याची सोय आहे अशाच बंदरात आधी जावं लागतं.

तिसरा कागद मुक्कामाचा. खरा गुंता इथे आहे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, २०२१ पासून, ब्रिटिश माणसाला शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत फक्त ९० दिवस राहता येतं. त्याची बोट मात्र कर न भरता १८ महिने तिथे राहू शकते. भाऊ हसत म्हणाला, “भाई, बोटीला दीड वर्ष, मला तीन महिने. बोट माझ्यापेक्षा नशीबवान.”

मी म्हटलं, “तुला तीन महिने तरी आहेत.”

कारण त्याने मला सोबत येण्याचा आग्रह केला होता. एका शनिवारी पहाटे निघायचं, संध्याकाळी पलीकडे पोचायचं, दोन रात्री तिथे काढून परतायचं. माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आणि ब्रिटनचा व्हिसा होता. शेंगेन व्हिसासाठी मी मुंबईत, आपल्या राहत्या देशातून, अर्ज केला. कागदांच्या यादीत जाण्यायेण्याचं तिकीट होतं. तिकीट कुठून आणणार? बोट भावाची, वारा अल्लाहचा. आम्ही भावाचं पत्र, बोटीची नोंदणी, विमा, माणसांची यादी, बंदरातल्या जागेचं आरक्षण, सगळं जोडलं. खिडकीपलीकडच्या बाईंनी ते उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, “पण विमानाचं तिकीट?” मी समजावलं. त्यांनी मान हलवून अर्ज घेतला. पंधरा दिवसांनी नकार आला. छापील यादीतल्या एका चौकटीत खूण होती : प्रवासाचा हेतू आणि परिस्थिती यांचं समर्थन पुरेसं नाही.

माझ्या नावामुळे असं झालं, असं मी म्हणणार नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण या नकाराने एक गोष्ट स्पष्ट केली. आजची सीमा बंदरात नसते, तिकिटाच्या खिडकीवर असते. विमान कंपनी व्हिसा तपासूनच माणसाला चढू देते, कारण चुकीचा माणूस नेला तर दंड तिला होतो. राज्यसंस्थेचं अर्धं काम कंपनी करते. स्वतःच्या शिडावर येणाऱ्याला असा मधला कुणी नसतो. म्हणून तो कोणत्याच चौकटीत बसत नाही. ब्रिटिश माणसालाही हे चुकत नाही. अमेरिकेला विमानाने जाताना त्याला एक ऑनलाइन मंजुरी पुरते. स्वतःच्या बोटीने जायचं तर रीतसर व्हिसाच काढावा लागतो. माणूस तोच, पासपोर्ट तोच. फरक एवढाच की तो कुणाचा प्रवासी म्हणून आलेला नाही.

समुद्रावर कागद मागण्याची ही रीत आपल्या किनाऱ्याला नवी नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सक्तीचा केला. दाभोळ, चौल, सुरत इथून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांना तो घ्यावा लागे. त्यांत हाजींची जहाजंही होती. परवाना नसेल तर जहाज आणि माल जप्त. ज्या पाण्यात आपले नाखवा पिढ्यान् पिढ्या ये-जा करत होते, तिथे जाण्याची परवानगी अचानक दुसराच कुणी देऊ लागला. आणि कागद असला तरी खात्री नव्हती. जहांगीर बादशहाच्या आईचं ‘रहीमी’ हे जहाज १६१३ मध्ये सुरतेजवळ पोर्तुगीजांनी पकडलं, तेव्हा त्याच्याकडे पोर्तुगीजांचाच परवाना होता.

म्हणून सगळे कागद एका मापाने मोजू नयेत. रेडिओच्या नोंदणीतून बोटीला नऊ आकडी क्रमांक मिळतो. वादळात बटण दाबलं की त्या क्रमांकावरून कोण बुडतंय ते किनाऱ्यावर कळतं. विमा असेल तर आपल्या बोटीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून मिळतं. परीक्षेसाठी अभ्यास केलेला माणसाला भरती-ओहोटी आणि दिवे कळतात. हे कागद जीव वाचवतात, त्यांची कटकट करू नये. पण तू कुणाचा, कुठल्या देशाचा, एवढंच विचारणारे कागद वेगळे. तिथे शीड किती चांगलं सांभाळता येतं याला किंमत नसते.

अब्बांना मी हे सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलं. सीडीसी आणि शोअर पास दाखवून ते कितीतरी परक्या बंदरांत उतरले होते, बाजार फिरले होते, जुम्म्याच्या नमाजला गेले होते. खलाशाला जहाजावरून उतरून चार तास जमिनीवर फिरता यावं यासाठी १९५८ पासून आंतरराष्ट्रीय करार आहे. मजुरीवर गेलेल्या माणसासाठी जगाने वाट ठेवली, कारण त्याच्याशिवाय माल हलत नाही. हौसेने जाणाऱ्यासाठी ती वाट पासपोर्टच्या रंगावर ठरते. “आम्ही कामाला जायचो,” अब्बा म्हणाले, “म्हणून उतरू द्यायचे.”

आज कोकणातली बरीच मुलं आखातात, ब्रिटनमध्ये, दक्षिण आफ्रिकेत आहेत. काही जण हौसेने बोटीही घेतात. आपल्या माणसांना सोबत न्यायचं असेल तर बोटीच्या आधी त्यांच्या व्हिसाचं बघा. व्हिसा काढताना विमानाचं वेगळं, खरं तिकीट दाखवता येईल असा बेत करा. परतीच्या देशाचा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा आहे ना, तेही पाहा. अस्सल कागद पाण्यापासून जपा आणि नावांच्या यादीच्या चार-पाच प्रती सोबत ठेवा. मी पुन्हा अर्ज करणार आहे. या वेळी विमानाने पलीकडे जाईन आणि भाऊ बोट घेऊन तिथेच भेटेल. समुद्र पाहायला मला आधी आकाशातून जावं लागणार, एवढंच.