सराईघाटचं अरुंद पाणी

उत्तर गुवाहाटीला जाणाऱ्या फेरीबोटीवर माणसांइतक्याच मोटारसायकली असतात. हँडलं चुकवत, फटींतून अंग चोरत कठड्यापाशी पोचलं की रणभूमीचा नकाशाच समोर उलगडतो. मागे इटाखुलीची टेकडी, पश्चिमेला कामाख्येचा नीलाचल, पुढे उत्तर काठावर अश्वक्रांताचं देऊळ. एरवी मैलोगणती पसरणारी ब्रह्मपुत्रा इथे डोंगरांच्या कचाट्यात सापडते. सराईघाटापाशी तिचं पात्र जेमतेम किलोमीटरभर उरतं. मार्च १६७१मध्ये आसामच्या आहोम राज्याच्या आणि मुघलांच्या आरमारांची गाठ पडली ती याच त्रिकोणात.

मुघलांचा सेनापती आपल्या ओळखीचा आहे: मिर्झाराजे जयसिंहांचा मुलगा रामसिंह. आग्र्यात तो शिवाजी महाराजांना जामीन राहिला होता. १६६६मध्ये महाराज निसटले, रामसिंहावर बादशहाची खप्पामर्जी झाली आणि पुढच्याच वर्षी त्याची आसामच्या मोहिमेवर नेमणूक झाली.

त्याच्यासमोर होता आहोमांचा सेनापती लाचित बरफुकन. टेकड्यांमधल्या मोकळ्या जागा त्याने मातीच्या तटांनी बुजवल्या होत्या. तटाच्या कामात कुचराई केली म्हणून त्याने प्रत्यक्ष मामाचं शिर उडवलं, ही कथा आसामात आजही सांगतात. तटाआड न थांबता मैदानात उतरण्याची किंमत आहोमांनी १६६९मध्ये आलाबोईला मोजली. तिथे मुघल घोडदळापुढे त्यांची सुमारे दहा हजार माणसं पडली. पण तटांमुळे गुवाहाटी शहर जमिनीवरून हाती लागेना. रामसिंहाला शेवटी पाण्यातच उतरावं लागलं, आणि पाण्यात राजपूत घोडदळाचा काय उपयोग?

लढाईच्या दिवशी लाचित तापाने फणफणला होता. मुघलांची तोफा लादलेली जड गलबतं पुढे सरकली, तशा आहोम होड्या माघारी वळू लागल्या. तेव्हा तो स्वतः होडीत चढला आणि मोजक्या होड्यांनिशी शत्रूवर चालून गेला. ते पाहून पळणारे फिरले. अरुंद पात्रात मोठ्या गलबतांना वळायला वाव नव्हता. हलक्या होड्या मात्र चहूबाजूंनी भिडत होत्या. मुघल नौदलप्रमुख मुनव्वर खान गोळी लागून पडला आणि आरमाराचा धीर सुटला.

पुढे १६७९मध्ये गुवाहाटी पुन्हा मुघलांकडे गेली, पण ती लढून नव्हे, तर आहोमांमधल्याच फितुरीने. १६८२मध्ये इटाखुलीच्या लढाईत आहोमांनी ती कायमची परत मिळवली. लाचित हे पाहायला नव्हता. सराईघाटानंतर वर्षभरातच तो वारला. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत सर्वोत्तम छात्राला मिळणारं सुवर्णपदक त्याच्याच नावाचं आहे.