सुपारी

चैत्राच्या तोंडावर नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रेचे पंच येतात, फड पसंत करतात, रक्कम ठरते, सुपारी दिली जाते. माझं लहानपण जुन्नर तालुक्यातलं, त्यामुळे 'सुपारी' म्हटलं की मला आधी ढोलकी ऐकू येते; मुंबईकरांना पिस्तूल दिसतं. हाडांच्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याच्या माझ्या कामात दोन्ही अर्थ उपयोगी पडतात.

'जायंट सेल ट्यूमर' ही हाडातली गाठ. बहुधा विशी ते चाळिशीत होणारी, गुडघ्याजवळ किंवा मनगटाशी. ओतूर, मंचर, घोडेगावकडचा पेशंट आला की सुरुवात ठरलेली: "शेतात मुका मार लागला होता." मग लेप, मग चोळणं. (चोळू नका हो. हाड आतून पोखरलेलं असलं तर मोडेल.) एक्स-रेत हाडाचं टोक साबणाच्या फेसासारखं दिसतं.

काचेवर मोठाल्या पेशी दिसतात, एकेकीत पन्नास-पन्नास केंद्रकं. नजर तिथेच खिळते, गाठीला नावही त्यांचंच. शिकत असताना मीही त्यांनाच गुन्हेगार समजत असे. पण त्या बनतात रक्तातल्या मोनोसाइट जातीच्या पेशी एकमेकींत मिसळून, म्हणजे प्रतिकारशक्तीच्याच घरच्या. जुनं हाड खाणं हे त्यांचं रोजचं काम. ते काढल्याशिवाय नवं घालता येत नाही. बिघडलेली पेशी शेजारी असते, चातीसारखी निमुळती, लक्षातही न येणारी. हिस्टोन या प्रथिनाच्या एका जनुकातली तिची ठरावीक चूक २०१३ मध्ये उघड झाली. ती स्वतः हाड खात नाही. सुपारी देते.

त्या सुपारीचं नाव रँक-लिगँड. १९९७ मध्ये हे प्रथिन टी-पेशींच्या अभ्यासात सापडलं, प्रतिकारशक्तीतला एक निरोप म्हणून. हाडांच्या अभ्यासकांना ते वर्षभरात वेगळ्या वाटेनं भेटलं, वेगळ्या नावानं. यात्रा एकच होती, हे दोन्ही गावांना नंतर कळलं.

डेनोसुमॅब हे औषध म्हणजे निरोप वाटेतच पकडणारं प्रतिपिंड. या गाठीसाठी अमेरिकेत त्याला २०१३ मध्येच मान्यता मिळाली. दुखणं कमी होतं, मोठ्या पेशी नाहीशा होतात, कडेनं नवं हाड धरतं. फोटो पाहून नातेवाईक पेढे आणायला निघतात.

सगळ्याच गाठींत इतकं सरळ नसतं. सार्कोमा म्हणजे हाड-स्नायूंसारख्या ऊतींतला कर्करोग; त्याच्या काही पेशी प्रतिकारशक्तीसाठी 'आपलंच माणूस आहे, सोडा' अशी पीडी-एल१ची चिठ्ठी अंगावर लावून बसतात. ती चिठ्ठी निकामी करण्याच्या उपचारपद्धतीला २०१८ चं नोबेल मिळालं. पण २०१७ च्या एका चाचणीत ऑस्टिओसार्कोमा या हाडाच्या कर्करोगाच्या २२ पेशंटांपैकी एकाचीच गाठ आक्रसली होती. आमच्या क्षेत्रात टाळ्या जपूनच वाजवाव्यात.

नारायणगावकडच्या एका टोमॅटोवाल्या पोराच्या गुडघ्यातल्या जायंट सेल गाठीसाठी डेनोसुमॅबचं इंजेक्शन चालू होतं. त्याचे चुलते यात्रेच्या पंचांपैकी. सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे सुपारी अडवली, पण देणारा गावातच आहे म्हणा की!"

"आहे," मी म्हणालो. तो नव्या हाडाच्या आड दडतो, सर्जनच्या खरवडण्यातून निसटतो, गाठ पुन्हा उगवू शकते. म्हणून ऑपरेशन करता येण्याजोग्या प्रत्येक गाठीला आम्ही हे औषध देत नाही. सांधाच काढावा लागेल किंवा गाठ माकडहाडाच्या वर अडचणीत असेल, तिथे विचार होतो.

महिन्याभरानं गाठ खरवडून, पोकळीत सिमेंट भरून झालं. खरवड माझ्या टेबलावर आली. मोठी पेशी एकही नव्हती. कोवळं, विणल्यासारखं हाड होतं, आणि त्याच्या फटींतून त्या चातीसारख्या पेशी, गप्प.