कलले की कलविले?

सरळ असलेली गोष्ट वाकडी झाली, हे सांगण्यासाठी इंग्रजी भाषेने शब्दांचे मोठे भांडार जमविले आहे. त्यांतील कितीतरी शब्द हाताच्या कामातून आलेले आहेत. 'बायस' हा शब्द आज आपण पूर्वग्रह या अर्थाने वाचतो. शिंप्याच्या टेबलावर मात्र तो कापडाच्या तिरप्या कापाचे नाव आहे. आपले शिंपी त्यालाच उरेब म्हणतात. 'वार्प' म्हणजे मागावरचा ताणा. ओल लागून फळी पिळवटली तरी इंग्रज 'वार्प' हेच क्रियापद वापरतो. 'डिस्टॉर्ट' हा लॅटिनमधील पिळणे या अर्थाच्या धातूपासून आला, आणि छळवाचक 'टॉर्चर' हे त्याचे सख्खे भावंड. सत्याला पिळणे व माणसाला पिळणे ही दोन्ही कामे एकाच घराण्यातली आहेत, हे त्या भाषेने जपून ठेवले आहे. या सर्वांत सोवळा दिसणारा शब्द म्हणजे 'स्क्यू'. तो जुन्या फ्रेंचमधून आला; त्याचा मूळ अर्थ टाळणे, अंग चोरून बाजूला होणे असा आहे.

या शेवटच्या शब्दाशी माझे भांडण बीड जिल्ह्यामुळे जडले.

२०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलग्यांमागे अवघ्या ८०७ मुली आढळल्या. दहा वर्षांपूर्वी, २००१ मध्ये, हाच आकडा ८९४ होता. निसर्गतः मुलगे थोडे अधिक जन्मतात, दर १०० मुलींमागे साधारण १०५. म्हणजे हजार मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली असावयास हव्यात. इंग्रजी वर्तमानपत्रांनी या स्थितीला 'स्क्यूड सेक्स रेशो' असे नाव दिले. मराठी पत्रांनी 'विषम प्रमाण' लिहिले, 'मुलींची संख्या घटली' असे मथळे दिले. बीड हा दुष्काळी जिल्हा. तेथे पाऊस घटतो, विहिरींचे पाणी घटते, ज्वारीचा उतारा घटतो. त्याच क्रियापदाच्या ओळीत मुलीही नेऊन बसविल्या गेल्या. परंतु दुष्काळ मुलगा-मुलगी निवडून मारीत नाही. निवड माणसे करतात.

संख्याशास्त्रज्ञांना मी दोष देत नाही. त्यांच्या परिभाषेत आकड्यांची रास एका बाजूस लांबत गेली की ती 'स्क्यू' होते. त्यात कुणाचा अपराध सांगावयाचा नसतो. मोजणाऱ्याने निर्विकार राहावे हेच योग्य. अडचण त्यानंतरची आहे. मोजणाऱ्याचा निर्विकार शब्द सभेत आला, अहवालात आला, मथळ्यात आला, आणि कृत्य करणाऱ्यांना त्याच्या आड उभे राहता आले.

इंग्रजीला यात एक सोयही आहे. 'स्क्यू', 'वार्प', 'टिल्ट' ही क्रियापदे स्वतःहून झाले तरी तीच आणि कुणी केले तरी तीच. मराठीचे तसे नाही. वाकणे वेगळे, वाकविणे वेगळे. कलणे वेगळे, कलविणे वेगळे. एक अक्षर वाढले की कर्ता शोधावा लागतो. आपल्या आठवडे बाजारात तर हा भेद निरक्षर बाईलाही ठाऊक असतो. तराजू मुळातच सदोष असेल तर हलक्या पारड्यात पासंग टाकतात, आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. पण तोलताना व्यापाऱ्याचे बोट हळूच दांडीला लागले, तर ती म्हणत नाही की तराजू कलला. ती म्हणते, यानं दांडी मारली! मापात पाप म्हणतात ते हेच. एवढे हत्यार हाती असून आपण मुलींच्या बाबतीत 'कलले' एवढ्यावरच थांबलो, याचे मला नवल वाटते.

केज भागातील एका वृद्ध सुईणीशी बोलताना मी 'तुमच्याकडे मुली कमी पडल्या' असे म्हणून गेलो. तिने सुपातले निवडणे न थांबविता उत्तर दिले, "पडल्या न्हाईत, गुरुजी. पाडल्या."

'पडणे' आणि 'पाडणे' यांत एका काना-मात्रेचे अंतर. आपला प्रतिष्ठित शब्द 'गर्भपात' मात्र हे अंतर पुसून टाकतो. 'पात' म्हणजे पडणे. आपोआप झालेलाही गर्भपात आणि घडवून आणलेलाही गर्भपातच. 'पक्षपात' या शब्दातही तोच 'पात' आहे. जणू माणूस चालता चालता एका पक्षावर घसरून पडला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या 'जीवनाचे शुभवर्तमान' या विश्वपत्रात, गर्भपाताचे खरे स्वरूप झाकणाऱ्या संदिग्ध शब्दयोजनेकडे बोट दाखविले होते. तशा शब्दांची उणीव आपल्याकडे कधीच नव्हती. आमच्याकडे नुसते 'सफाई केली' म्हणतात. जणू भांडे घासले.

'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द रूढ झाला तेव्हा निदान कृत्याला नाव मिळाले. तरी त्यालाही एक दुखरी बाजू आहे. तो ऐकला की नजर प्रथम आईकडे वळते. आणि सोनोग्राफीसाठी तिला जीपमध्ये बसवून नेणारा नवरा, सासू, पैसे मोजून घेणारा डॉक्टर आणि वरपक्षाची हुंड्याची यादी हे सगळे मागे राहतात.

कायद्यालाच काय तो कर्ता लागतो. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्येच केला. देशाचा कायदा १९९४ मध्ये संमत झाला. तरीही मे २०१२ मध्ये परळी येथे गर्भपाताच्या वेळी एका विवाहितेचा मृत्यू झाला, तेव्हा कुठे राज्य खडबडून जागे झाले. २०१९ मध्ये बीडच्या न्यायालयाने त्या प्रकरणातील डॉक्टर दांपत्यास दहा वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा सुनावली. प्रमाण विषम झाल्याबद्दल कुणाला शिक्षा करता येत नाही. आरोपपत्राला नाव, गाव, तारीख आणि क्रियापदाला कर्ता हवा असतो.

संत मत्तयाचे लेखन या दृष्टीने वाचून पाहावे. बेथलेहेम परिसरात दोन वर्षांखालील मुलग्यांचे प्रमाण घटल्याची नोंद त्याने केलेली नाही. त्याने हेरोदाचे नाव लिहिले आहे. राजा होता, तरी लिहिले आहे.

२८ डिसेंबरला आपण त्या निष्पाप बालकांचा सण पाळतो. एका वर्षी त्या दिवसाच्या मिस्सासाठी श्रद्धावंतांच्या प्रार्थना लिहिण्याचे काम आम्हा तिघा-चौघांकडे आले. पहिल्या मसुद्यात होते : "मुलींचे घटते प्रमाण सुधारावे म्हणून आपण प्रार्थना करू या." एका बाईंनी विचारले, "प्रमाण आजारी आहे का, सुधारायला?" त्यावर बराच वाद झाला. 'ज्यांनी' हा शब्द आला, त्याने काहींचे समाधान झाले. 'आपल्यापैकी ज्यांनी' म्हणताच खोलीत शांतता पसरली. एक गृहस्थ म्हणाले की आपल्या समाजात हे होत नाही. बाई काही बोलल्या नाहीत. फादरांनी कागद पुढे ओढून वाक्य पुरे केले : "आपल्यापैकी ज्यांनी मुलीचा जन्म नाकारला, ज्यांनी तसे करण्यास भाग पाडले, ज्यांनी त्याचे पैसे घेतले, आणि ज्या मातांचे कुणी ऐकले नाही, त्या सर्वांसाठी." वाचन करणाऱ्या मुलीने वाक्य फार लांब असल्याची तक्रार केली. दम कुठे घ्यायचा, तेथे फादरांनी पेन्सिलीने खुणा करून दिल्या.