आर्सेनल ते महू

मेडशीला आम्ही फक्त क्रिकेट खेळायचो. आर्सेनलचं वेड लागलं ते ऑफिसात. दुसऱ्या महायुद्धात त्यांचं हायबरी सरकारने ताब्यात घेतलं आणि 'घरचे' सामने चक्क टॉटनहॅमच्या मैदानावर झाले, माहितीये?

त्यांचा विंगर डेनिस कॉम्प्टन तर फौजेतून थेट महूला! तिथून तो होळकरांकडून रणजी खेळला. कप्तान आपल्या नागपूरचे सी. के. नायडू. मार्च १९४५, ब्रेबॉर्न, मुंबईविरुद्ध फायनल. लक्ष्य ८६७, कॉम्प्टन नाबाद २४९, तरी ३७४ धावांनी हार. शंभरापुढच्या प्रत्येक धावेला शंभर रुपये कबूल केलेला शेठ म्हणे कामासाठी कलकत्त्याला निघून गेला :-)

असो. मला खटकतं ते वेगळंच. इंग्लंडसाठी तो फुटबॉलचे डझनभर सामने खेळला, पण ते युद्धकाळातले, म्हणून अधिकृत एकही धरत नाहीत.